जहाजाचे खरे वृत्त

(मावळ तालुक्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात, लोणावळा येथे, नौदलातून निवृत्त झालेल्या एका अभियांत्रिकी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



संयोजकांनी मला दिलेला विषय ‘सागरी सुरक्षा’ असा आहे. विषय भव्य आहे. त्यावर बोलणारे अनेक अभ्यासक आहेत आणि ते माझ्यापेक्षा उत्तम बोलतात. माझे आयुष्य मात्र जहाजाच्या पोटात, इंजिनघरात गेले. वर डेकवर सूर्य उगवला की मावळला, हे आम्हांला घड्याळावरून कळत असे. त्यामुळे या विषयाचा एक लहानसा, कोरडा वाटणारा तुकडा मी आपल्यापुढे ठेवणार आहे. जहाजावरील यंत्रसामग्री आज कोणत्या स्थितीत आहे, हे खालून वर कसे कळवले जाते, आणि ते खरेपणाने कळवले नाही तर काय होते, एवढेच मला सांगायचे आहे. तोफा, क्षेपणास्त्रे, विमाने यांची चर्चा वर्तमानपत्रांत होत असते. या कागदाची कोणी करत नाही. पण सेनापती निर्णय घेतो तो या कागदावर.

आपण जिथे बसलो आहोत त्या गावी समुद्र नाही, तरीही समुद्राशी या डोंगरांचे नाते जुने आहे. चैत्रात कार्ल्याच्या एकवीरा आईच्या दर्शनाला किनाऱ्यावरचे कोळी आणि आगरी बांधव घाट चढून येतात, हे आपण दर वर्षी पाहता. सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या ताब्यात एके काळी राजमाची आणि लोहगड होते. शाहू महाराजांच्या वतीने त्यांच्यावर चालून गेलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कान्होजींनी याच लोहगडावर कैदेत ठेवले. त्यानंतर १७१४ साली बाळाजी विश्वनाथांनी तलवार न उपसता, याच लोणावळ्याच्या परिसरात, कान्होजींना छत्रपतींच्या बाजूला वळवले. मराठ्यांचे आरमार आणि मराठ्यांचे राज्य पुन्हा एकत्र आले ते या घाटमाथ्यावर. आणि १५ फेब्रुवारी १९४५ रोजी ब्रिटिश अमदानीत येथे नौदलाची अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था सुरू झाली, तिलाही नाव मिळाले ते ‘शिवाजी’. स्वातंत्र्यानंतर ती ‘आयएनएस शिवाजी’ झाली. २०२० च्या फेब्रुवारीत तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी तिला राष्ट्रपतींचे ध्वजचिन्ह प्रदान केले. २०२५ मध्ये तिला ऐंशी वर्षे पूर्ण झाली. तिचे ब्रीद ‘कर्मसु कौशलम्’ आहे. नौदलाच्या जहाजांवर इंजिने चालवणारे, दुरुस्त करणारे हात येथे घडतात. जहाजाला भोक पडले, आग लागली, तर ते कसे वाचवायचे, याचेही शिक्षण येथेच मिळते. त्यासाठी ‘अक्षत’ नावाची एक सिद्धता आहे. जहाजाच्या कप्प्यांची ती हुबेहूब प्रतिकृती. ती हलते, डोलते, भोकांतून खरोखरीचे पाणी वेगाने आत येते, आणि तरुण नौसैनिकांना छातीएवढ्या पाण्यात उभे राहून लाकडी खुंट्या ठोकून, टेके लावून ते थांबवावे लागते.

तिथे एक गोष्ट पाहण्यासारखी असते. पाणी थांबवणारे जसे काम करत असतात, तसाच एकजण केवळ बोलत असतो. कुठल्या कप्प्यात किती पाणी आहे, ते वाढते आहे की घटते आहे, कोणता पंप चालू आहे, हे तो सतत कळवत असतो. नियंत्रण कक्षातला अधिकारी त्या कप्प्यात नसतो. त्याच्यासमोर जहाजाचा एक आराखडा असतो, आणि ऐकलेले तो त्यावर खुणांनी मांडत जातो. खालच्या माणसाने घाबरून पाणी गुडघाभर असताना छातीभर सांगितले, किंवा शौर्य दाखवण्यासाठी छातीभर असताना गुडघाभर सांगितले, तर वरच्या आराखड्यावरचे जहाज वेगळे आणि पाण्यातले जहाज वेगळे, अशी स्थिती होते. मग शहाण्यातला शहाणा अधिकारीही चुकीच्या कप्प्याकडे माणसे पाठवणार.

ही झाली संकटातली गोष्ट. पण रोजचा व्यवहार कसा चालतो? जहाजावर एखादे यंत्र बिघडले आणि जहाजावरच्या माणसांना, जहाजावरच्या सुट्या भागांनिशी ते दुरुस्त करता आले नाही, आणि त्यामुळे जहाजाच्या लढण्याच्या क्षमतेत उणीव आली, तर एक संदेश पाठवावा लागतो. नौदलाच्या बोलीत त्याला ‘ऑपडेफ’ म्हणतात. अमेरिकेच्या नौदलात त्याच जातीच्या संदेशाला ‘कॅसरेप’ म्हणतात, आणि त्यांच्याकडे त्याचे स्तर ठरलेले आहेत. मुख्य कामगिरीत किरकोळ उणीव असेल तर दोन, मोठी उणीव असेल तर तीन, आणि मुख्य कामगिरीपैकी एखादी पारच करता येत नसेल तर चार. संदेश कसा लिहायचा हे ठरलेले असते. काय बिघडले, त्याचा जहाजाच्या कामावर परिणाम काय, आम्ही काय करून पाहिले, आम्हांला काय हवे, आणि केव्हापर्यंत ते सुधारेल. पुढे परिस्थिती बदलली की दुसरा संदेश, आणि यंत्र सुधारले की शेवटी तो बिघाड दूर झाल्याचा संदेश. म्हणजे एकदा उघडलेले खाते बंद केल्याशिवाय मिटत नाही. गोदी, पुरवठा विभाग, ताफ्याचा सेनापती, सर्वांच्या मेजावर ते खाते उघडेच पडलेले असते. याचे महत्त्व मी नंतर पुन्हा सांगेन, ते लक्षात ठेवावे.

हे सारे आपण पाश्चात्त्यांकडून शिकलो, असे समजण्याचे कारण नाही. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र १७१५ चे, म्हणजे कान्होजी आणि बाळाजी यांच्या त्या भेटीनंतरचे. त्यात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग मानून अमात्य त्याची व्यवस्था लावतात, आणि ती वाचताना हा माणूस केवळ तत्त्वचिंतक नव्हता, त्याने गलबतांचा हिशेब ठेवला होता, हे जाणवते. प्रत्येक सुभ्याला पाच गुराबा आणि पंधरा गलबते असावीत. पावसाळा सुरू होण्याआधी काही दिवस ती किनाऱ्याला लावून घ्यावीत. दर वर्षी एकाच किल्ल्याखाली छावणी करू नये. खलाशांचा पगार मुलखाच्या वसुलीतून नेमून द्यावा, समुद्रावरच्या मिळकतीवर सोडू नये, कारण मग ते व्यापाऱ्यांना नाडतील आणि व्यापार बुडेल. गलबतांसाठी लाकूड तोडतानाही आंबा-फणसाला हात लावू नये, मालकाची संमती असल्याशिवाय तर नाहीच, असे त्यांनी बजावले आहे. तसेच गडांवरची व्यवस्था पाहा. हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तीन अधिकारी. एकाच्या हाती शिबंदी, दुसऱ्याच्या हाती हजेरी आणि जमाखर्च, तिसऱ्याच्या हाती कोठार आणि सामान. कोठारात दाणागोटा किती, दारू किती, हे ज्याला लढायचे आहे त्याच्या एकट्याच्या शब्दावर शिवाजी महाराजांनी सोडले नाही. यात माणसावर अविश्वास नाही. एका माणसावर पडणारा मोह तिघांत वाटून टाकण्याची ती योजना आहे.

हा मोह कसला असतो, ते मी माझ्या अनुभवावरून सांगतो. मी नुकताच अधिकारी होऊन एका जहाजावर रुजू झालो होतो. इंजिनघरात चार तासांची पाळी असते. दर तासाला सर्व तापमाने, सर्व दाब वाचून नोंदवहीत लिहायचे. पहाटेची पाळी, समुद्र खवळलेला, इंजिनघरातली उष्णता, आणि पोटात ढवळत असलेले. एका बेअरिंगचा तापमापक अडचणीच्या जागी होता. तिथे जायचे तर पाइपांखालून वाकून जावे लागे. मागच्या तीन तासांत तिथले तापमान बासष्ट अंश होते. चौथ्या तासाला मी वाकलो नाही. बासष्ट लिहिले.

आमचे चीफ, म्हणजे इंजिनघरातले ज्येष्ठ कारागीर, मालवणकडचे गृहस्थ. माझ्या दुप्पट वयाचे, हुद्द्याने खालचे, आणि ज्ञानाने माझे गुरू. ते नोंदवही चाळून माझ्याकडे आले आणि हळू आवाजात म्हणाले, “साहेब, हे बासष्ट तुम्ही वाचलंत, की आठवलंत?” मी काही बोललो नाही. त्यांनी मला त्या तापमापकाकडे नेले. काचेवर एक कागदाची चिठ्ठी चिकटवलेली होती. मी पाळीवर आल्यानंतर तासाभरातच त्यांनी ती लावली होती. तिच्यावर एवढेच लिहिले होते की, ही चिठ्ठी वाचणाऱ्याने मला येऊन भेटावे. म्हणजे मी केवळ चौथ्याच नव्हे, तर त्याआधीच्या दोन तासांच्या नोंदीही न पाहता केल्या होत्या, आणि मघाशी मी आपल्याला जे सांगितले की ‘चौथ्या तासाला वाकलो नाही’, तेही पूर्ण खरे नव्हते. इतक्या वर्षांनीही ही गोष्ट सांगताना माणूस स्वतःला थोडे बरे करून सांगतो, पाहा. चिठ्ठी काढली तेव्हा तापमान एकोणसत्तर होते. तोवर काही बिघडले नव्हते. वेग कमी केला, तेलाची गाळणी साफ केली, काम भागले. चीफनी ही गोष्ट वर सांगितली नाही. त्यांनी मला सांगितले की ती मीच सांगावी. मी मुख्य अभियंत्यांकडे गेलो आणि सांगितली. त्या दहा पावलांइतके लांबचे अंतर मी त्यानंतर कधी चाललो नाही.

आता मी १९७१ कडे वळतो, कारण खऱ्या वृत्ताने युद्ध कसे लढता येते याचे उदाहरण आपल्याच नौदलाच्या इतिहासात आहे, आणि ते फार थोड्यांना ठाऊक आहे.

विमानवाहू नौका ‘विक्रांत’ ४ मार्च १९६१ रोजी नौदलात दाखल झाली. १९६५ च्या युद्धात ती मुंबईत दुरुस्तीसाठी होती. समुद्रावर गेलीच नाही. तरी पाकिस्तानने ती बुडवल्याची बातमी पसरवली होती, हा त्यातला विनोद. १९७० च्या जूनमध्ये तिची तपासणी झाली तेव्हा बॉयलरच्या जलपात्रांत, म्हणजे ज्यांना वॉटर ड्रम म्हणतात त्यांत, भेगा आढळल्या. वेल्डिंगने त्या बुजण्यासारख्या नव्हत्या. नवी पात्रे देशात मिळत नव्हती. ती ब्रिटनकडून मागवावी लागली. बॉयलर वापरू नयेत असा आदेश नौदल मुख्यालयाने काढला. ऐन युद्धाची चाहूल लागत असताना देशाची एकमेव विमानवाहू नौका, पोटात थंड बॉयलर घेऊन, मुंबईच्या बंदरात उभी होती.

अशा वेळी अभियंत्यापुढे दोन सोपे मार्ग असतात. एक, ‘जहाज निकामी आहे’ असे लिहून मोकळे होणे. उद्या स्फोट झाला तर आपली मान मोकळी. दुसरा, वरिष्ठांना युद्ध हवे आहे, देशात वातावरण तापले आहे, तेव्हा ‘सर्व ठीक आहे’ असे लिहून टाळ्या घेणे. विक्रांतवर या दोन्हींपैकी काही झाले नाही. काय होऊ शकते आणि काय होऊ शकत नाही, हे मोजून पाहिले गेले. मार्च १९७१ मध्ये कमी दाबावर बॉयलर पेटवले. गोदीतच चाचण्या झाल्या, मग समुद्रावर. दाबाची मर्यादा चौरस इंचाला ४०० पौंड ठरली. पुढे जाताना पंख्याचे फेरे मिनिटाला १२० पेक्षा जास्त नाहीत, मागे येताना ८० पेक्षा जास्त नाहीत. त्यामुळे वेग १४ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २६ किलोमीटर. मूळच्या वेगाच्या जवळपास निम्मा. जूनमध्ये खोल समुद्रात चाचण्या झाल्या तेव्हा चालू असलेल्या तीन बॉयलरांना पोलादी पट्ट्यांचे कवच बांधलेले होते, आणि वाफेची गळती वेळीच दिसावी म्हणून निरीक्षणाच्या खिडक्या बसवल्या होत्या. त्या खिडक्यांमागे चार-चार तास उभ्या राहिलेल्या माणसांची नावे इतिहासात नाहीत. ज्यांनी बॉयलरशेजारी काम केले आहे त्यांना त्यांची छाती केवढी असेल हे कळेल.

वेग कमी असण्याचा अर्थ विमानवाहू नौकेच्या बाबतीत फार गंभीर असतो. विमान हवेत फेकणारी कॅटापल्ट वाफेवर चालते, आणि समोरून येणारा वारा जितका जास्त तितके विमान सुखरूप उडते. जहाज वाऱ्याच्या दिशेने वेगाने धावले तर हा वारा वाढतो. विक्रांतला ती मुभा नव्हती. शिवाय पाकिस्तानकडे पाणबुड्या होत्या, आणि मंद जहाज हे पाणबुडीचे आवडते भक्ष्य. नौदलप्रमुख अॅडमिरल नंदा यांच्यापुढे हे सारे होते. जहाजाला बंदरात ठेवावे असे म्हणणारेही होते. नंदांनी विक्रांतला युद्धात नेण्याचा निर्णय घेतला, आणि तो पश्चिमेकडे न नेता पूर्वेकडे, बंगालच्या उपसागरात नेण्याचा घेतला. १४ नॉटचे जहाज कुठे उपयोगी पडेल आणि कुठे नाही, हे त्यांना ठाऊक होते, कारण खालून आलेला आकडा खरा होता. ४ डिसेंबर १९७१ रोजी विक्रांतच्या सी-हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले, आणि पुढचे दिवस पूर्व पाकिस्तानच्या बंदरांची कोंडी त्या जहाजाने केली. कॅप्टन स्वराज प्रकाश यांना महावीर चक्र मिळाले.

आणि याच काळात व्हाइस अॅडमिरल कृष्णन यांनी शत्रूला मात्र खोटे वृत्त पुरवले! विक्रांत अंदमानात दडवलेली असताना ती विशाखापट्टणमच्या आसपास आहे असे भासवण्यात आले. ‘राजपूत’ या जुन्या विनाशिकेने विक्रांत असल्याचा आव आणला, शिधासामग्रीच्या मोठ्या मागण्या बाजारात नोंदवल्या गेल्या. विक्रांतच्या मागावर आलेली ‘गाझी’ पाणबुडी ३-४ डिसेंबरच्या रात्री विशाखापट्टणमच्या बाहेर बुडाली. शत्रूशी कसे बोलावे आणि स्वकीयांशी कसे बोलावे, यातला भेद त्या माणसांना कळत होता. आपल्याकडे कधी कधी हा भेद उलटा होतो. बाहेरच्यांसमोर आपण आपल्या उणिवा उगाळतो, आणि आपल्या बैठकीत मात्र सर्व उत्तम चालले असल्याचे सांगतो.

खालचा माणूस खरे सांगतो आणि वरचा ऐकत नाही, असेही घडते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन पाणबुड्यांचे कप्तान सांगत होते की आमचे टॉर्पिडो लक्ष्याच्या खालून निघून जातात. त्यांच्या शस्त्र विभागाचे म्हणणे होते की टॉर्पिडो उत्तम आहेत, तुमचा नेम चुकतो. अखेर जून १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर अॅडमिरल लॉकवूड यांनी पाण्यात मासेमारीचे एक जाळे टांगले आणि त्यावर टॉर्पिडो सोडले. जाळ्याला पडलेली भोके मोजली. ठरलेल्या खोलीपेक्षा ते सुमारे ११ फूट खाली धावत होते. त्या जाळ्यामुळे वादच संपला. पण त्यातले इतर दोष दूर व्हायला पुढे आणखी वर्षभराहून जास्त काळ लागला.

श्रीमंत देशात हे आता होत नसेल, असे वाटेल. २०१७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या दोन विनाशिका, ‘फिट्झगेराल्ड’ आणि ‘जॉन मॅक्केन’, व्यापारी जहाजांवर आदळल्या. एकीवर सात, दुसरीवर दहा नौसैनिक गेले. त्या वेळी जपानमध्ये तैनात असलेल्या त्यांच्या क्रूझर आणि विनाशिकांची युद्धकौशल्याची ३७ टक्के प्रमाणपत्रे मुदत संपलेली होती. २०२० च्या जुलैमध्ये सॅन दिएगोच्या गोदीत ‘बोनहोम रिचर्ड’ ही अवाढव्य नौका जळाली. चौकशीत आढळले की तिच्यावरची ८७ टक्के अग्निशमन ठिकाणे वापरात नव्हती. दुरुस्तीच्या यादीत त्यांच्यापुढे ‘तात्पुरते बंद’ असे लिहिलेले होते. ते लिहिणाऱ्याने खोटे लिहिले नव्हते. पण कोणीही सर्व ओळी एकत्र वाचून ‘म्हणजे या जहाजावर आग लागली तर?’ असे विचारले नव्हते.

आपल्याकडचेही सांगितले पाहिजे. येथे केवळ परक्यांच्या चुका सांगून मी बसलो तर ते या विषयाला धरून होणार नाही. १४ ऑगस्ट २०१३ ला मुंबईच्या गोदीत ‘सिंधुरक्षक’ पाणबुडीत स्फोट झाले, अठरा जण गेले. २६ फेब्रुवारी २०१४ ला ‘सिंधुरत्न’ पाणबुडीत धूर आणि आग. ती आटोक्यात आणताना दोन तरुण अधिकाऱ्यांनी प्राण दिले. त्याच दिवशी नौदलप्रमुख अॅडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. महालेखापरीक्षकांच्या अहवालानुसार २००७-०८ ते २०१५-१६ या काळात नौदलाच्या जहाजांना ३८ अपघात झाले आणि ३३ जणांनी प्राण गमावले. सुरक्षेसाठी स्वतंत्र संघटना उभी राहिली ती २०१४ मध्ये. त्यानंतरही अपघात थांबलेले नाहीत. २०१६ च्या डिसेंबरमध्ये ‘बेतवा’ कोरड्या गोदीत कलंडली, जुलै २०२४ मध्ये ‘ब्रह्मपुत्रा’ला आग लागून ती एका कुशीवर झाली. या प्रत्येक घटनेची कारणे निराळी आहेत आणि त्यांवर मी येथे निकाल देणार नाही. मात्र अॅडमिरल जोशींच्या राजीनाम्याविषयी माझे मत मी सांगतो. तो उमदेपणा होता. पण एका उमद्या राजीनाम्याने खालच्या नोंदवहीतला एकही आकडा आपोआप खरा होत नाही.

एक आक्षेप घेतला जाईल की आता हे सगळे यंत्रेच कळवतात. खरे आहे. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत दाखल झालेल्या नव्या विक्रांतवर चार गॅस टर्बाइन्स आहेत, आणि हजारो ठिकाणचे तापमान आणि दाब पडद्यावर आपोआप दिसतात. त्याच दिवशी नौदलाच्या ध्वजावरून सेंट जॉर्जचा क्रूस उतरला आणि शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला, तो क्षण माझ्यासारख्या निवृत्ताच्या डोळ्यांत पाणी आणणारा होता. परंतु पडद्यावर धोक्याचा दिवा किती अंशाला लागावा, हे माणूसच ठरवतो. वारंवार वाजणारी घंटा कंटाळून बंद करणाराही माणूसच.

यंत्रांच्या वृत्ताबरोबर माणसांचे वृत्तही वर गेले पाहिजे, हे १९४६ ने शिकवले. मुंबईत ‘तलवार’ या नाविक तळावर निकृष्ट अन्न आणि अपमान यांच्या तक्रारी खालून वर जात होत्या, वरून उत्तरादाखल शिव्या येत होत्या. १८ फेब्रुवारीला उठाव झाला. ‘तलवार’ ही संदेशवहन शिकवणारी संस्था होती, त्यामुळे ती बातमी मात्र सर्व जहाजांवर तत्काळ पोचली! साम्राज्याचा पाया त्या आठवड्यात हादरला.

आता मी मावळात येतो. १५ जून २०२५, रविवार. इंदोरीजवळ कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांसह कोसळला. चार जण गेले, पन्नासहून अधिक जखमी झाले. आपल्यापैकी काही जण त्या संध्याकाळी नदीत उतरले होते. त्यांना मी वेगळे काय सांगणार? तो पूल धोकादायक आहे हे माहीत नव्हते, असे कोणी म्हणू शकत नाही. तो धोकादायक असल्याचे आधीच ठरलेले होते, नवा पूल मंजूरही होता. म्हणजे बिघाड कळलेला होता, लिहिलेलाही होता. मग कमी काय पडले?

माझ्या बुद्धीप्रमाणे उत्तर असे आहे. फलक म्हणजे वृत्त नव्हे. फलक लावणाऱ्याचे काम फलक लावला की संपते. पुढची जबाबदारी वाचणाऱ्याची. ऑपडेफ पाठवणाऱ्याचे काम संदेश पाठवला की संपत नाही. मघाशी मी लक्षात ठेवायला सांगितले ते हेच. ते खाते उघडे राहते. कोणाकडे पाठवले, त्याने काय केले, केव्हापर्यंत होणार, तोवर काय बंद ठेवायचे, याची उत्तरे मागत राहते, आणि बिघाड दूर झाल्याचे कोणीतरी सहीनिशी कळवीपर्यंत ते मिटत नाही. सुट्टीच्या दिवशी, पावसाळ्यात, त्या पुलावर गर्दी होणार हे ज्याला माहीत होते आणि पूल बंद करण्याचा अधिकार ज्याला होता, ती दोन माणसे वेगळी होती आणि त्यांच्यामध्ये चालू राहणारा संदेश नव्हता. हे एका कार्यालयाचे किंवा एका व्यक्तीचे पाप म्हणून मी सांगत नाही. आपण गावकरी, आपण कार्यकर्ते, आपणही त्या पुलावरून जात होतो.

आणि आपल्या स्वतःच्या वृत्ताविषयीही बोलू द्या. घरचा माणूस म्हणून तेवढा अधिकार मला आहे. महिन्याच्या बैठकीत वृत्त घेतले जाते. शाखा किती, उपस्थिती किती, सेवाकार्ये किती. मी अशा अनेक बैठकांत बसलो आहे. ‘चालू आहे’ असे वृत्त येते तेव्हा मला मालवणचे चीफ आठवतात. वाचलेत, की आठवलेत? मागच्या महिन्याची उपस्थिती पुढच्या महिन्यात जशीच्या तशी लिहिली, तर त्यात कोणाचा जीव जात नाही, हे मला मान्य आहे. पण पूर येतो तेव्हा तुमच्या वस्तीत धावणारे तरुण किती, या प्रश्नाला आपण तोच आकडा सांगतो, आणि त्यावर विसंबून दोन वस्त्यांना माणसे पाठवली जात नाहीत. त्या वस्त्यांत जीव जाऊ शकतो. आणि वृत्त घेणाऱ्यांनाही मी हात जोडून सांगतो. ‘या महिन्यात शाखा लागली नाही’ असे जो प्रामाणिकपणे सांगेल त्याला चारचौघांत बोलू नका. एकदा बोललात की पुढच्या महिन्यापासून ती शाखा कागदावर रोज लागेल.

आता कामाचे. मागच्या बाकावर एक कागद ठेवला आहे. मी तो ऑपडेफच्या धर्तीवर, पण साध्या मराठीत तयार केला आहे. आपल्या गावातला प्रत्येक साकव, लोखंडी पूल, बंधाऱ्यावरची वाट, शाळेचे छप्पर, दरड कोसळण्यासारखी जागा यांपैकी एकेकाला एक कागद. काय बिघडले आहे, ते तुम्ही स्वतः कोणत्या तारखेला जाऊन पाहिले, लोक तिथून केव्हा आणि किती जातात, कोणत्या अधिकाऱ्याला केव्हा दिले आणि त्यांची पोचसही कुठे आहे, पुढे पुन्हा केव्हा पाहणार. शेवटची ओळ कोरी आहे. बिघाड दूर झाल्यावर ती ज्याने पाहिले त्यानेच भरायची. ऐकीव माहिती भरू नका. पाहिले नसेल तर ‘पाहिले नाही’ असे लिहा. तेही वृत्तच आहे. अक्षय्य तृतीयेच्या आत सर्व कागद तालुक्याच्या बैठकीत आणावेत, म्हणजे पाऊस लागायच्या आत महिनाभर हातात राहील. कुंडमळ्याच्या बाजूच्या गावांसाठी कागद वेगळे बांधून ठेवले आहेत. इंदोरीचे कोणी आले असतील तर त्यांनी जाताना मला भेटावे.